कुत्रं अचानक लंगडायला लागलं तर: आधी डोळे, मग हात

सकाळी धारेला उठावं आणि रात्रभर ऊस राखून आलेलं कुत्रं गोठ्याच्या दारात तीन पायांवर उभं असावं. कर्नाटकात बेळगावच्या बाजूला, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडं शेतावर कुत्रं पाळणाऱ्यावर ही वेळ आज ना उद्या येतेच. माणूस नवा असेल तर धावत जाऊन पाय धरतो. कुत्रं कळवळून दात दाखवतं, माणूस दचकून हात मागं घेतो, आणि शेजारचा बांधावरूनच निदान सांगतो, ‘लचकलंय की गा. हळद-चुना लाव, उतरतंय.’ चार दिवस लेप चालतो. पाचव्या दिवशी तळव्यातनं पू येतो.

अशी नवी मंडळी हल्ली वाढली आहेत. पुण्या-बेंगळूरची नोकरी सोडून आलेली पोरं शेतघर बांधतात आणि पहिल्याच वर्षी मुधोळचं पिल्लू आणतात. त्यात त्यांचा दोष नाही. मुधोळ शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, तिथं जवळच तिम्मापूरला कुत्र्यांचं सरकारी संशोधन केंद्र आहे, आणि २००५ साली पोस्टानं या जातीचं तिकीटही काढलं. पण हे कुत्रं मोकळ्या माळावर सरळ धावायला घडलेलं. हाडं लांब, कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. त्याला ऊस तोडलेल्या फडातल्या बुडख्यांतनं, म्हणजे उसाच्या खुंटांतनं, पळवलं की काय होतं ते पहिल्या हंगामातच कळतं. धनगरांच्या तळावरची गावरान कुत्री याच रानात टिकून असतात, पण लंगडण्यातून तीही सुटलेली नाहीत.

मला हे सगळं शिकवलं एका म्हाताऱ्या मेंढक्यानं. पाऊसपाणी संपलं की आमच्या रानात खतासाठी त्याची बकरी बसायची. आम्ही त्याला मामा म्हणायचो. कुत्रं लंगडलं की मामा आधी चंची काढायचा, पान लावायचा आणि खाऊन होईपर्यंत कुत्र्याकडं नुसता बघत बसायचा. मला वाटायचं, म्हातारा आळशी आहे. तो त्या पाच-दहा मिनिटांत अर्धं काम उरकत होता.

पान खायला वेळ नसतो तेव्हा

काही वेळा मात्र बघत बसायचं नाही, उचलायचं आणि निघायचं. पाय भलत्याच दिशेला वळलाय किंवा लोंबतोय. हाड दिसतंय. रक्त दाबून धरलं तरी थांबत नाही. मागचे दोन्ही पाय एकदम गेलेत आणि कुत्रं पुढच्या पायांवर अंग ओढतंय. गाडीची धडक बसलीय, मग वरून काही दिसो वा न दिसो. ओठ वर करून हिरडी बघा: ती गुलाबी असायला हवी. बोटानं दाबली की पांढरी होते आणि दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ती मुळातच पांढरीफटक असेल किंवा रंग परत यायला वेळ लागत असेल तर आत कुठंतरी रक्त वाहतंय असं समजा. पाठीला मार असेल तर कुत्र्याला काखेत धरून उचलू नका. फळी, पत्रा, जुनं दार, जे हाताशी असेल त्यावर सरकवा आणि फळीसकट न्या.

साप चावल्याचा संशय आला तरी हेच. घोणस चावली की पाय किंवा तोंड बघता बघता सुजतं, चावल्या जागेतनं रक्त पाझरत राहतं. नाग किंवा मण्यार असेल तर सूज कमी असू शकते, पण कुत्रं झोकांड्या खातं, मागचा भाग ढिला पडतो, पापण्या जड होतात. नवख्याला हे ‘लंगडणं’च वाटतं. वर दोरी आवळू नका, जागा चिरू नका, कोंबडी लावण्याच्या नादी तर अजिबात लागू नका. कुत्र्याला चालू न देता उचलून न्या, कारण चालण्यानं विष अंगात लवकर भिनतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालणारं प्रतिविष एकच असतं. ते कुठं आहे हे गाडी काढण्याआधी फोनवर विचारून घेतलं की चक्कर वाचते.

आणि एक गोष्ट, जी बोलायला नको वाटते पण बोलायलाच हवी. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल, आवाज बदललाय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही आणि मागचे पाय लुळे पडत चाललेत, तर ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज झालेलं प्रत्येक कुत्रं पिसाळून चावत सुटत नाही, काही गुपचूप लुळी पडत जातात. अशा कुत्र्याला आत कोंडा, पोराबाळांना लांब ठेवा, डॉक्टरला बोलवा. दात लागला असेल किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची.

यातलं काहीही नसेल तर पान लावायला हरकत नाही.

लांबून काय बघायचं

कुत्रं उभं असताना चारी पायांवर सारखा भार आहे का? दुखरा पाय ते किंचित पुढं काढून किंवा नुसती बोटं टेकवून धरतं. बसताना एक मागचा पाय बाजूला फेकून बसतं का? कुठं चाटतंय? हलक्या रंगाचं कुत्रं असेल तर चाटून चाटून तिथले केस तांबूस झालेले दिसतात. असा तांबूस डाग दिसला तर दुखणं कालचं नाही, तुम्हाला दिसलं आज एवढंच.

मग चालवून बघा. दोरी सैल धरून दुसऱ्या कुणालातरी चालवायला सांगा, तुम्ही स्वतः बघा. मऊ रानात नाही, डांबरी रस्त्यावर किंवा खळ्यासारख्या टणक जागेवर. आधी सावकाश, मग दुडक्या चालीत. दुडक्या चालीत पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा असे पाय जोडीनं पडतात, त्यामुळं थोडंसं लंगडणंही त्यात उघडं पडतं. जोरात पळताना ते लपून जातं. समोरून, मागून आणि बाजूनं, असं तिन्हीकडून बघा आणि बघताना मोबाईलवर चित्रण करून ठेवा. दवाखान्यात अनोळखी वास आणि माणसं दिसली की कुत्रं दुखणं विसरून सरळ चालतं, आणि डॉक्टर तुमच्याकडं संशयानं बघायला लागतो. तेव्हा हे चित्रण कामाला येतं.

पाय कोणता?

हे सोपं वाटतं म्हणूनच इथं चूक होते. माझी झालेली सांगतो. आमची हौशी पुढच्या पायानं लंगडत होती. डावा पाय टेकला की तिचं डोकं खाली जायचं. मला वाटलं, दुखतंय म्हणून त्या बाजूला डोकं टाकतेय. तीन दिवस मी डाव्या पायाला मिठाच्या पाण्याचा शेक दिला. चौथ्या दिवशी मामानं बघितलं आणि हसत म्हणाला, ‘चांगल्या पायाला कशाला भाजूलालास रे?’

नियम उलटा आहे. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो. मग चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. डोकं खाली जाताना जो पाय जमिनीवर असतो तो धड. कुत्र्याच्या वजनाचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुढचं लंगडणं डोक्याच्या हालचालीत चटकन दिसतं.

मागच्या पायासाठी मागून बघा. दोन्ही खुब्यांवर नजर ठेवा. दुखरा पाय टेकताना त्या बाजूचा खुबा झटक्यानं जास्त वर उचलला जातो. मागचा पाय दुखत असताना कुत्रं भार पुढं ढकलण्यासाठी डोकंही खाली घालतं, त्यामुळं नुसत्या डोक्याकडं बघणारा इथं फसतो आणि पुढच्या पायात खोट शोधत बसतो.

पाय उचलून न ठेवता घासत, खरडत नेत असेल, मधल्या नखांची टोकं वरच्या बाजूनं झिजली असतील, तर दुखणं पायात नाही, नसेत किंवा पाठीच्या कण्यात असण्याची शक्यता जास्त. त्यावर घरी करण्यासारखं काही नाही.

आता हात, आणि तोही तळव्याला

हात लावण्याआधी तोंड बांधा. तुमचं कुत्रं कितीही गरीब असलं तरी. मऊ सुती पट्टी किंवा जुन्या धोतराची चिंधी घ्या, जबड्यावर वेढा द्या, हनुवटीखाली गाठ, मग दोन्ही टोकं कानांमागं नेऊन सुटेल अशी गाठ. धापा टाकत असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. काम पाच मिनिटांचं ठेवा. कुत्र्याला कुशीवर आडवं करा, ओळखीचा माणूस डोक्याशी बसवा आणि सुरुवात चांगल्या पायापासून करा. त्यानं कुत्र्याला सवय होते आणि ‘नेहमीचा’ पाय हाताला कसा लागतो ते तुम्हालाही कळतं. तुलना करायला दुसरा पाय तिथंच असतो, लोक तो वापरत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं.

आपल्या रानात एकदम लंगडलेल्या कुत्र्याचं दुखणं बहुतेक वेळा तळव्यात निघतं. म्हणून खांद्याकडं जाण्याआधी तळव्यावर पुरेसा वेळ घालवा. डोक्याला लावायची विजेरी असेल तर उत्तम. चिखल कोमट पाण्यानं धुऊन काढा, फडक्यानं टिपा, मग एकेक गादी बोटानं दाबत चला. गादीत काळा ठिपका दिसला आणि तिथं दाबल्यावर पाय झटकला तर काटा. बाभळीचा असेल तर लांब आणि सरळ, चिमट्यानं निघतो. वेड्या बाभळीचा काटा आत मोडतो आणि त्याचं टोक महिनाभर त्रास देतं. टोक दिसत असेल तरच ओढा, ज्या रेषेत शिरलाय त्याच रेषेत मागं. दिसत नसेल तर सुईनं खोदकाम करू नका. कोमट मिठाच्या पाण्यात दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं पाय बुडवा. लिटरभर पाण्याला दोन सपाट लहान चमचे मीठ पुरे. दोन दिवसांत टोक वर आलं नाही तर दवाखाना.

मग बोटांच्या फटी. इथं तीन गोष्टी सापडतात. सराटा, म्हणजे गोखरू: हा लगेच दिसतो, काढला की कुत्रं तिथंच उठून चालायला लागतं आणि तुम्ही उगाच स्वतःला डॉक्टर समजायला लागता. गोचीड: बोटांच्या बेचक्यात फुगून बसते, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. आणि कुसळ. कुसळाला मी सगळ्यांत जास्त भितो. पावसाळा सरल्यावर गवत वाळलं की त्याची कुसळं बोटांमधनं आत शिरतात. त्यांची रचना अशी की पुढं सरकतात, मागं येत नाहीत. वरनं फक्त एक बारीक भोक आणि लालसर गाठ दिसते. ती फुटते, बरी झाल्यासारखी वाटते, पंधरा दिवसांनी पुन्हा फुगते. औषधाच्या गोळ्या संपल्या की पुन्हा. कुसळ आत आहे तोवर हे चक्र थांबत नाही, डॉक्टरला ते उघडून काढावं लागतं. तेव्हा एकाच जागी दुसऱ्यांदा गाठ आली की ‘उष्णतेनं झालंय’ हे उत्तर स्वीकारू नका.

साखर कारखाने सुरू झाले की तळव्यांची दुखणी बदलतात. कोयत्यानं तिरका तोडलेला बुडखा सुरीसारखा असतो. त्यानं गादी चिरते किंवा बोटांमधली पातळ कातडी फाटते. उसाच्या पाल्यावरची कूस तुमच्या हाताला टोचते तशी कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यातही टोचते, तिथं नुसती लाली आणि चाटणं दिसतं, जखम नाही. पाचट पेटवलेल्या रानात वरनं राख गार वाटते, खाली निखारा असतो. गुऱ्हाळावरची कुत्री थंडीत चुलवाणाजवळ झोपतात आणि गादी भाजून घेतात. निपाणीच्या बाजूला तंबाखू काढल्यावर राहिलेले वाळके खुंटही असेच लागतात. खानापूरकडं जंगलालगत पावसाळ्यात पाय दिवसच्या दिवस ओले राहतात आणि बोटांच्या मधली कातडी पांढरी पडून सोलवटते. भाजलेल्या गादीवर गार पाणी दहा-पंधरा मिनिटं सोडत राहा. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट तर नकोच. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यानंही हेच होतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर कुत्र्यालाही सोसत नाही.

शेवटी नखं. एकेक धरून हलकंच हलवा. नख मुळाशी तडकलं असेल तर बाहेरून सरळ दिसतं, पण हलवल्यावर कुत्रं किंचाळतं, कारण आतली जिव्हाळी उघडी पडलेली असते. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला घासत नाही म्हणून झिजत नाही, गोल वळून मांसात घुसतं. तारेच्या कुंपणात अडकून उपटतंही तेच.

एका कुत्र्याचा पंजा भाकरीसारखा फुगला होता आणि मालक साप, साप म्हणत होता. घोट्याच्या वर केसांत बोट फिरवलं तर डुकरासाठी लावलेल्या फासाची बारीक तार मांसात रुतलेली. सूज एका रेषेखालीच असेल, वर नसेल, तर वेढा शोधा: तार, सुतळी, पोरांनी घातलेलं रबर. तार खोल रुतली असेल तर ओढू नका, डॉक्टरच कापेल.

तळवा स्वच्छ निघाला तर वर सरका

आता मनगट, कोपर, खांदा. मागं घोटा, गुडघा, खुबा. प्रत्येक सांध्यावर आधी नुसता तळहात ठेवा. ऊन लागतंय का, दुसऱ्या पायापेक्षा जाड आहे का? मग सावकाश दुमडा, सरळ करा. सगळ्या सांध्यांना एकदम हलवू नका, नाहीतर कुत्रं कशाला ओरडलं ते कळणार नाही. हाडावर हात फिरवताना आत काही करकरलं तर तिथंच थांबा. ते मोडलंय.

पुढच्या पायाच्या नळीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरच्या बाजूला टेंगूळ आलं असेल आणि कुत्रं तळावरचं असेल तर त्याच्या गळ्यातलं लोढणं बघा. कुत्रं लांब पळू नये म्हणून गळ्यात लाकूड अडकवतात ना, ते धावताना सारखं त्याच जागी बसतं. औषध काही नको. लोढणं काढा किंवा लहान करा.

मागचा पाय पळता पळता एकदम उचलला, गाडी नाही, कुंपण नाही, नुसतं वळताना झालं. आता बोटं टेकवत चालतंय आणि पाय बाजूला टाकून बसतंय: गुडघ्यातला दोर तुटला असण्याची दाट शक्यता. हे लचकणं नाही, आणि चोळून तर हमखास बिघडतं. घरातल्या छोट्या पॉमेरियनसारख्या कुत्र्यात दोन-चार पावलं तीन पायांवर उड्या, मग पुन्हा चांगली चाल असं दिसलं तर गुडघ्याची वाटी सरकते आहे. मागून बघताना एक पाय आखूड वाटला आणि पोटाखाली आत ओढलेला दिसला तर खुबा निखळलेला असू शकतो. तो चार दिवसांनी बसवणं फार अवघड होतं, त्यामुळं ‘बघू, उतरतंय का’ करू नका.

डुकराशी गाठ पडली असेल तर लहान भोकावर जाऊ नका. सुळ्याचं तोंड बाहेर बोटाएवढं असतं, आत कातडी मांसापासून वीतभर सुटलेली असते. कुत्र्यांच्या भांडणातही तसंच: दाताचं भोक दुसऱ्या दिवशी बुजतं, आत पू धरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं लंगडायला लागतं. त्या वेळी मालकाला भांडण आठवतही नाही. म्हणून आजचं विचारू नका, गेल्या आठवड्याचं आठवा.

जखम नाही, सूज नाही, तरी लंगडतंय

ताप मोजा. साधा थर्मामीटर गुदद्वारात, टोकाला तेल लावून. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं: १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. १०३ च्या वर ताप. ताप आहे, खाणं सुटलंय, आज हा पाय उद्या तो, आणि अंगावर गोचिडी आहेत किंवा महिन्याभरात होत्या: गोचिडीतनं येणारा रक्ताचा आजार असू शकतो. यात सांधे दुखतात, पुढं हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातनं रक्त येतं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही आणि वेळेत औषध मिळालं तर कुत्रं उठतं. आमच्याकडं अशी कुत्री ‘वारं गेलं’ म्हणून दोन-दोन आठवडे तशीच पडू दिली जातात, आणि मग दोष नशिबाला.

पाच महिने ते दीड वर्षाचं मोठ्या बांध्याचं पिल्लू पाय बदलत लंगडत असेल तर वाढीच्या वयातली हाडांची सूज असू शकते. त्याला वेळ द्यावा लागतो, पण एकदा डॉक्टरनं बघितलेलं बरं. पिल्लू नुसत्या भातावर किंवा नुसत्या मांसावर वाढवलं असेल तर हाडं इतकी मऊ राहतात की ओट्यावरून उडी मारली तरी मोडतात. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसले तर आधी खाणं बदला.

काय द्यायचं नाही

तुमच्या डब्यातली दुखण्याची गोळी. मी दिली होती. कंबरदुखीची माझीच गोळी, अर्धी करून गुळात. दुसऱ्या दिवशी हौशी पळायला लागली आणि मी स्वतःवर खूश झालो. तिसऱ्या दिवशी तिला डांबरासारखी काळी शी झाली. आतड्यातनं रक्त. आठ दिवस सलाईनवर काढून ती वाचली ती डॉक्टरच्या कृपेनं, माझ्या नाही. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते, पॅरासिटामॉलनं यकृताला. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांच्या नाशामुळं आली. पण माणसाच्या दुकानात ती गोळी सहज मिळते आणि म्हणूनच मोह होतो. शिवाय दुखणं दबलं की कुत्रं मोडक्या पायावर धावतं.

जखमेत हळद, तंबाखूची राख, रॉकेल, फिनेल, जळकं ऑईल भरू नका. कुत्रं ते सगळं चाटून पोटात घेतं. मिठाचं पाणी, आणि चहाच्या पातळ रंगाइतकं पाण्यात मिसळलेलं पोव्हिडोन आयोडीन एवढंच पुरतं. पट्टी बांधलीत तर बोटांची दोन टोकं उघडी ठेवा आणि दर काही तासांनी हात लावा. बोटं गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी घट्ट झालीय. जखमेत आळ्या पडल्या असतील तर त्यांच्या नादी तुम्ही लागू नका, डॉक्टरच काढेल.

आणि विश्रांती. ही सगळ्यांत अवघड. लांब साखळीवर येरझारा घालणं विश्रांती नाही. आखूड बांधा, सावलीत, खाली पोतं. दोन दिवस. लघवीपुरतं दोरीनं नेऊन आणा. तळ हलणार असेल तर मामा कोकरांच्या शेजारी कुत्र्यालाही घोड्यावर टाकायचा, आता टेम्पो असतो. दोन दिवसांत निम्म्यानं फरक पडला नाही, किंवा पहिल्याच दिवशी पाय अजिबात टेकत नसेल, तर दवाखाना.

दवाखान्यात

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर कर्नाटकात चालतो, नदीपलीकडं महाराष्ट्रातही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, आणि एक्स-रे प्रत्येक ठिकाणी नसतो. हाड मोडल्याचा संशय असेल तर आधी फोन करून विचारा, नाहीतर दुखऱ्या कुत्र्याला घेऊन दोन गावं फिरावी लागतात.

इकडं डॉक्टर बहुधा कन्नड बोलणारा असतो. मराठी बऱ्याच जणांना समजतं, तरी चार शब्द तोंडात असले की काम सोपं होतं. लंगडणं म्हणजे कुंटु: ‘नायी कुंटतैति’. पुढचा पाय मुंगालु, मागचा हिंगालु, डावा एडगालु, उजवा बलगालु. काटा मुळ्ळु, साप हावु. मग नेमकं सांगा: कधीपासून, कोणता पाय, सकाळी उठताना जास्त की काम करून आल्यावर जास्त, खाणं कसं आहे, ताप किती, कुठं फिरून आलंय, घरी काय दिलंय. शेवटचं लपवू नका. मी गोळी दिल्याचं दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि त्यात एक दिवस फुकट गेला.

पुन्हा रानात सोडताना

लंगडणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. ज्या दिवशी दुडक्या चालीत डोकं हलायचं थांबतं, तिथून आणखी दोन-तीन दिवस बांधूनच ठेवा. मग दोरीनं दहा मिनिटं सपाट रस्त्यानं, दुसऱ्या दिवशी वीस. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पाय जड वाटला तर एक पायरी मागं या. मोकळं सोडायचं ते आधी माळावर, नांगरलेल्या रानात नाही, आणि ताज्या तोडलेल्या फडात तर बुडखे छाटून होईपर्यंत नाहीच. हाड मोडलं असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे दिवस डॉक्टर सांगेल तेवढे, माझे नाहीत.

हंगामात मी रोज रात्री भाकरी टाकायच्या आधी हौशीचे चारही तळवे विजेरीनं बघतो. भाकरी दिसत असते म्हणून ती गपगुमान पाय देते. भाकरी खाऊन झाल्यावर देत नाही.